रिकामी यादी ही चूक नव्हे

बाणेरला, आठव्या मजल्यावर
मी अवजारांची वर्णनं लिहिते.
पान्हा नव्हे, पक्कड नव्हे:
‘बिल शोधा’, ‘बिल उतरवा’, ‘बिल जपून ठेवा’.
वापरणारा माणूस नाही.
त्याला हात नाहीत, चष्मा नाही,
शेजारच्या टेबलाला विचारून येतो म्हणायची सोय नाही.
माझं वाक्य, एवढंच त्याच्यापाशी.

बारा वर्षं माणसांसाठी लिहिलं,
मिक्सरपासून बँकेपर्यंत.
एकानं वाचलं असेल तर शपथ.
पुस्तिका खोक्यातच, थर्माकोलखाली,
आणि मग फोन: अहो, हे चालू कुठून होतं?
हा मात्र वाचतो.
तळटीप वाचतो, स्वल्पविराम वाचतो.
इतकं कुणी वाचायला लागलं की
लिहिणाऱ्याचा हात आखडतो.

पहिल्या मसुद्यात होतं:
‘ग्राहकाचे ताजे बिल आणावे.’
चाचणीपुरते ग्राहक आमच्याच सोसायटीचे खजिनदार,
खांबेटे, एरंडवणे,
जिन्यातल्या दिव्यांचं मीटर.
संमती त्यांनी लेखी दिली, दोन प्रतींत.
त्या महिन्याचं बिल निघालंच नव्हतं.
यंत्र गेलं, पाहिलं, परत गेलं,
एक्केचाळीस वेळा दार वाजवलं
आणि शेवटी गेल्या वर्षीच्या मार्चचं बिल
ताजं म्हणून पुढ्यात ठेवलं.
खांबेटे ते भरायला निघाले होते.
नंतर म्हणाले,
आमच्याकडे बेल एकदाच वाजवतात,
दारावर तशी पाटी आहे.
तुमच्याकडे पाटी नाही का?

नव्हती.

लिहायला बसले.
कर? करा? करावे?
यंत्राला अरे म्हणायचं की अहो,
यात ऋजुताचे आणि माझे दोन चहा गेले.
शेवटी ‘करावे’वर ठरलं.
‘करावे’मध्ये समोर कुणी उभं नसतं,
तरी सांगितलेलं सांगितलेलं राहतं.

बाबा रास्ता पेठेत वीज मंडळाच्या खिडकीवर होते.
जाळीला अर्धगोल भोक, आत
सळईत खोचलेल्या पावत्यांची जुडी
आणि दिवसभर शिक्क्याची टपटप.
बिलाशिवाय कुणी यायचं, आलंच नाही सांगत.
बाबा रजिस्टर ओढायचे,
बोट वरून खाली न्यायचे, सावकाश, एकदा,
आणि म्हणायचे: निघालेलं नाही.
माणूस हटायचा नाही.
बघा ना, पुन्हा बघा ना साहेब.
बाबा पुन्हा बघायचे नाहीत.
रांगेत त्यांना खडूस म्हणायचे.
शाळेतून येताना डबा द्यायला जायचे मी,
ऐकून मान खाली घालायचे,
मनातून रांगेच्याच बाजूची.
रात्री ताक भुरकत बाबा म्हणायचे,
नसलेलं एकदा बघून सापडत नाही.
दहादा बघून सापडलं,
तर ते घाबरण्यासारखं.

तेव्हा कळलं असं म्हणणार नाही.
ताकाचा आवाज आठवतो, तेवढंच.

परवा साडेसातला मजला रिकामा झाल्यावर
‘ताजे’ खोडलं आणि लिहिलं:

‘एकदा पाहावे.
बिल नसल्यास रिकामी यादी मिळेल.
रिकामी यादी ही चूक नव्हे.
पुन्हा विचारू नये.
जुने बिल नवे म्हणून देऊ नये.
नाही, असे सांगावे.’

ऋजुतानं सकाळी वाचलं.
जरा खडूस झालंय, म्हणाली.
म्हटलं, राहू दे.

यंत्र गेलं. एकदा पाहिलं. परत आलं.
खांबेट्यांना निरोप पोचला:
या महिन्याचे बिल अद्याप निघालेले नाही.

पाच मिनिटांत त्यांचा फोन.
मॅडम, त्याला जरा
पुन्हा बघायला सांगता का?